पेन्शनर, पांखरें आणि कॅमेरा

आपल्या मध्यमवर्गीय घरांत पेन्शन ही एक मोठी चमत्कारिक घटना असते. ती कोणत्या तारखेला येणार हें तीस-पस्तीस वर्षें अगोदर ठाऊक असतें. आणि तरीहि ती आली म्हणजे घरांतील प्रत्येक माणूस दचकल्यासारखा होतो. निरोपसमारंभाचा हार सुकतो, ज्याला आतां कोठेंहि वेळेवर पोंचावयाचें नाहीं त्याला भेट मिळालेलें घड्याळ भिंतीवर चढतें, आणि सोमवारीं सकाळीं दहा वाजतां यजमान बैठकींत बसलेले पाहून गृहिणीलाहि क्षणभर प्रश्न पडतो कीं, ह्यांचें आतां काय करावयाचें? भेटणारी मंडळी हाच प्रश्न थोड्या सभ्य शब्दांत विचारतात: "मग आतां वेळ कसा घालविणार?" लहानपणीं ज्या वडीलधाऱ्यांनीं "वेळ घालवूं नकोस" म्हणून बजावलें, त्यांच्याच वयाचे आपण झालों म्हणजे वेळ घालविणें हें आपलें मुख्य कर्तव्य ठरावें, ही गंमतच म्हणावयाची!

माझ्यापुरतें ह्या प्रश्नाचें उत्तर मला पांखरांनीं दिलें. छत्तीस वर्षें हिशेबखात्यांत आंकडे ताडून पाहण्यांत गेलीं. गेलीं आठ वर्षें मी पांखरांचीं छायाचित्रें काढीत आहें. असा मी एकटा नाहीं. हिवाळ्याच्या सकाळीं पुण्याच्या वेताळ टेकडीवर, पाषाणच्या तलावाकांठीं, मुंबईस शिवडीच्या किनाऱ्यावर अथवा ठाण्याच्या खाडीकडे गेलें, तर गळ्यांत कॅमेरा अडकविलेले पांढऱ्या केंसांचे गृहस्थ आणि भगिनी हमखास भेटतात. नातवंडें त्यांना हंसतात, शेजारी थोडे बिचकतात. ह्या छंदाला काय लागतें, त्यापासून काय मिळतें आणि त्यांत जपावयाचें तें काय, एवढ्या तीन गोष्टी आज मला आपणांपुढें मांडावयाच्या आहेत.

लागतें काय, असें विचाराल तर सर्वांत आधीं वेळ. पक्ष्यांच्या छायाचित्रणाच्या आरंभकाळची एक हकीगत ऐकण्यासारखी आहे. रिचर्ड आणि चेरी कर्टन हे यॉर्कशायरमधले दोघे भाऊ. १८९२ सालच्या एप्रिलांत त्यांनीं थ्रश जातीच्या एका गाणाऱ्या पक्ष्याचें घरटें आंतल्या अंड्यांसकट कॅमेऱ्यांत टिपलें, आणि १८९५ सालीं ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर त्यांचें जें पुस्तक निघालें तें प्रत्यक्ष छायाचित्रांनीं सजलेलें होतें. त्या काळचा कॅमेरा म्हणजे अवजड पेटी. पांखराच्या अगदीं जवळ गेल्यावांचून चित्र मिळणें अशक्य. तेव्हां ह्या बंधूंनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार करविला! त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन उभें राहावयाचें आणि पांखरांची भीति मोडेपर्यंत वाट पाहावयाची. यंत्रें आज कितीहि सुधारलीं असलीं, तरी ह्या विद्येंतला तो बैल कांहीं अजून सुटलेला नाहीं. एका जागीं निमूटपणें उभें राहावेंच लागतें.

आणि येथेंच पेन्शनराचें पारडें जड होतें. नोकरी करणाऱ्या तरुणाला आठवड्यांतून एक रविवार मिळतो. त्या दिवशीं तळ्याकांठीं माणसांची गर्दी असते आणि पांखरें दूर सरकलेलीं असतात. पेन्शनराला मंगळवार मिळतो, बुधवार मिळतो. खंड्याचें उदाहरण घ्या. हा पक्षी पाण्यावर झुकलेल्या ठराविक फांदीवर पुन्हांपुन्हां येऊन बसतो. त्याच्या मागें धांवणाऱ्याला तो दिवसभर नुसती निळी रेघ दाखवितो; पण त्याची फांदी हेरून, पंधरा-वीस पावलें अलीकडे गुपचूप बसून राहणाऱ्याकडे तो आपण होऊन येतो. वेडा राघू तर त्याहून सोपा. तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो, त्याच तारेवर परत येतो, ती तारेवर आपटतो आणि मग गिळतो. ह्या साऱ्या प्रकारांत माणसाचें चापल्य कमी आणि बैठक जास्त लागते. आणि बैठकीची संवय आपणां कारकुनी पेशाच्या लोकांना जन्मभर असते.

आतां पैशाकडे वळूं. कारण ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेंत पडली म्हणजे दुकानदाराचे डोळेहि तिच्याकडे वळतात. तोफेसारखीं दिसणारीं जीं मोठीं भिंगें आपण पाहतां, त्यांतील सहाशें मिलिमीटर पल्ल्याच्या एकेका भिंगाची किंमत दहा लाखांच्या वर जाते आणि वजन तीन किलोंच्या घरांत असतें. तें उचलण्याचा खांदा आणि तें विकत घेण्याचा खिसा हीं दोन्ही ज्याच्यापाशीं आहेत, त्यानें तें अवश्य घ्यावें. इतरांनीं त्यापायीं झुरूं नये. माझा सल्ला असा कीं, पहिले सहा महिने कॅमेरा घेऊंच नये. एक दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आंकडे असतात. पैकीं पहिला वस्तु कितीपट जवळ दिसते तें सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्यें देतो. दहापटीच्या दुर्बिणींत पांखरूं मोठें दिसतें, पण हाताचा कंपहि तितकाच वाढतो. म्हणून आपल्या वयाला आठपटीची बरी.

सहा महिन्यांत आजूबाजूचीं चाळीस-पन्नास पांखरें चालीवरून, आवाजावरून आणि बसण्याच्या जागेवरून ओळखूं येऊं लागतात. मग कॅमेरा घ्यावा. न बदलणारें पण लांब पल्ल्याचें भिंग अंगचेंच असलेले कॅमेरे मिळतात. ते वजनानें बेताचे असून हौशी माणसाला वर्षानुवर्षें पुरतात. हात स्थिर राहावा म्हणून महाग तिवईच हवी असें नाहीं. जाड कापडाची एक पिशवी शिवून तींत तांदूळ अथवा मोहरी भरावी, ती खिडकीच्या चौकटीवर, कठड्यावर किंवा खडकावर ठेवावी आणि तिच्यावर कॅमेरा टेकवावा. आमच्या घरीं ही पिशवी शिवण्याचें काम गृहिणीनें मोठ्या आनंदानें केलें; मोहरीचा हिशेब मात्र तिनें अजून मिटविलेला नाहीं.

तंत्राविषयीं फार बोलत नाहीं, कारण तें हातानें शिकावयाचें असतें. तरी चार गोष्टी सांगतों. ऊन आपल्या पाठीशीं असावें. सूर्योदयानंतरचे दोन तास सोन्याचे. दुपारीं तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि उत्तम भिंगांतूनहि चित्र धुरकट येतें. पांखराचा डोळा स्वच्छ आला तर बाकीचें थोडें सैल असलें तरी चालतें. डोळा गेला कीं चित्र गेलें. बसलेल्या पांखराला सेकंदाचा पांचशेंवा भाग पुष्कळ होतो. उडत्याला पंधराशेंवा किंवा त्याहून कमी लागतो. आणि एक गोष्ट हिशेबनीस म्हणून सांगतों: कॅमेरा प्रकाशाची सरासरी काढतो. काळ्या पाण्यासमोर पांढरा बगळा उभा असला कीं ही सरासरी फसते आणि बगळ्याचीं पिसें विरून नुसता पांढरा डाग उरतो. तेव्हां प्रकाश थोडा कमी करावा; उजळ आकाशासमोर काळा कोतवाल असेल तर वाढवावा. सरासरीनें माणसें कशीं फसतात हें ज्यानें जन्मभर पाहिलें आहे त्याला हें समजण्यास वेळ लागत नाहीं.

पांखरें शोधण्यासाठीं अरण्यांत जावें लागतें, हा एक गैरसमज आहे. आरंभ खिडकीपासून करावा. शहरांतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या परसांतहि दयाळ, बुलबुल, शिंपी, साळुंकी आणि भारद्वाज येतात. उंबराला किंवा पिंपळाला फळें धरलीं कीं तांबट आलाच. फेब्रुवारी-मार्चमध्यें कांटेसांवर फुलली म्हणजे तिच्याखालीं एक सकाळ काढावी. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि कावळे एकाच झाडावर मधासाठीं भांडतांना दिसतात.

ह्या शिंजीराचीच एक गोष्ट. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या दिवसांत काळा-जांभळा चकाकतो. विणीचा हंगाम संपला कीं त्याचा तो झगा उतरतो, पोट पिंवळसर होतें आणि गळ्यापासून खालीं एक काळी पट्टी तेवढी राहते. वर्षांतून एकदांच पाहणाऱ्याला हे दोन निराळे पक्षी वाटतात. पण एकाच गच्चीवरून बारा महिने छायाचित्रें घेऊन तीं ओळीनें मांडलीं, तर तो रंग कसा उतरतो आणि कसा चढतो तें डोळ्यांपुढें उभें राहतें. तळ्याकांठचा वंचकहि असाच. एरव्हीं मातकट रंगाचा, चिखलांत चिखलासारखा; पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या पाठीवर तांबूस-तपकिरी पिसांची शाल येते. दूरदेशीं जाऊन पन्नास जातींचे पन्नास पक्षी टिपण्यापेक्षां दारच्या एका पक्ष्याचें वर्ष टिपणें मला अधिक मोलाचें वाटूं लागलें आहे.

तरीहि प्रवासाची हौस असलीच, तर महाराष्ट्रांत स्थळांना तोटा नाहीं. पुण्याहून सोलापूर रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. उजनी धरणाचें पाणी भीमेच्या खोऱ्यांत पसरून तेथें जो विस्तीर्ण जलाशय झाला आहे, त्यावर हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून येणारीं, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलीं हंसजातीचीं पांखरें दिसतात. चित्रबलाक तर नित्याचेच. ह्या पाण्यावर मासेमारी करणारे लोक आपल्या होडींतून पाहुण्यांना पांखरांजवळ नेतात. माझ्या होडीवाल्याचें शिक्षण चौथीपर्यंतचें. पण कोणता थवा कोणत्या वाऱ्यांत उठेल आणि होडी किती अंतरावर थांबवावी हें त्याला जितकें कळतें तितकें मला ह्या जन्मीं कळेल असें वाटत नाहीं. कचेरींत ज्याच्यापुढें लोक उभे राहत, त्यानें उतारवयांत एका होडीवाल्याचें ऐकून हालचाल न करतां बसावें, ह्यांत मोठें औषध आहे. पेन्शनराचें खरें दुखणें पुष्कळदां अधिकार गेल्याचें असतें. आणि पांखरांना कोणाचाच हुद्दा ठाऊक नसतो.

आतां तिसरी गोष्ट, आणि तिच्यासाठींच खरें पाहतां मीं हा विषय निवडला. ह्या छंदांत एक लोभ आहे. चित्र मिळालें कीं त्याहून जवळचें हवें, जवळचें मिळालें कीं घरट्यांतलें हवें, चोंचींत घांस असलेलें हवें. कर्टन बंधूंच्या काळीं घरट्याचें चित्र हें नवें ज्ञान होतें. आज तें तसें राहिलेलें नाहीं, आणि हातीं कॅमेरे घेतलेलीं माणसें शेंकडों झालीं आहेत.

टिटवीचा विचार करा. ती उघड्या माळावर, खड्यांच्या आधारानें अंडीं घालते. उन्हाळ्यांत जमीन तापते तेव्हां ती पाण्यांत आपलें पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनीं अंडीं गार ठेवते. आपण तेथें "दहाच मिनिटें" उभे राहिलों, तर तीं दहा मिनिटें ती डोक्यावर ओरडत फिरते आणि अंडीं उन्हांत तापतात. चित्रांत ती आपल्याला मोठी आवेशपूर्ण दिसते! तो आवेश कसला असतो हें ज्याला कळलें, त्यानें तें चित्र भिंतीवर लावूं नये. घरट्यापुढची डहाळी "आड येते" म्हणून मोडली, तर पिलांवर ऊन येतें आणि कावळ्याला वाट मोकळी होते. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याची एक युक्ति अलीकडे बोकाळली आहे. त्या बिचाऱ्या नराला वाटतें कीं, आपल्या हद्दींत कोणी वैरी शिरला. आणि जो वेळ त्यानें पिलांना चारा आणण्यांत घालवावयाचा तो तो नसलेल्या वैऱ्याला शोधण्यांत घालवितो.

आपला कायदाहि ह्या बाबतींत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत केवळ मारणें किंवा पकडणें येत नाहीं. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणें हेंहि येतें. म्हणजे खांद्यावर बंदूक नसूनहि माणूस शिकारी ठरूं शकतो. छायाचित्रांच्या पुष्कळशा स्पर्धा आतां घरट्यांचीं चित्रें स्वीकारीत नाहींत, हें योग्यच झालें. एरिक हॉस्किंग ह्या नामांकित इंग्रज छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ सालीं घुबडानें फोडला. घरट्याजवळ रात्रीं गेलेल्या माणसावर त्या पक्ष्यानें झडप घातली. हॉस्किंगनें त्यानंतरहि हें काम आयुष्यभर केलें आणि १९७० सालीं निघालेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नांवांत त्या डोळ्यावर श्लेषहि साधला. घुबडापाशीं निदान नखें होतीं. शिंपी, बुलबुल, टिटवी ह्यांच्यापाशीं केवळ आपला विवेक आहे.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. मी आल्यानें पांखराचें चाललेलें काम थांबलें, तर मी फार जवळ आलों. तेव्हां मागें सरावयाचें. घरटें दिसलें तर कॅमेरा खालीं करावयाचा, वाट बदलावयाची आणि जागा कोणाला सांगावयाची नाहीं. ज्या दिवशीं मी गेल्याचें पांखरांना कळलेंहि नाहीं, तो दिवस चित्र न मिळतांहि चांगला गेला असें मी समजतों.

पण मग एवढ्या चित्रांचें करावयाचें काय? एक उपयोग असा आहे कीं ज्याची आपणां वृद्धांना कल्पनाहि नसते. २०२३ सालीं 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नांवाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत भारतांतील ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिति तपासलेली आहे. आणि त्यांपैकीं १७८ जातींकडे तांतडीनें लक्ष पुरविलें पाहिजे असें म्हटलें आहे. हा अहवाल ज्या सुमारें तीन कोटि नोंदींवर आधारलेला आहे, त्या तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनीं ई-बर्ड ह्या संकेतस्थळावर केलेल्या आहेत. त्यांत शास्त्रज्ञ थोडे. शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, गृहिणी आणि आपल्यासारखे पेन्शनर पुष्कळ. चिमण्या नाहींशा झाल्या असें आपण सर्वच म्हणतों. पण २०२० सालच्या अहवालांत नोंदी ताडून पाहतां असें आढळलें कीं, मोठ्या शहरांत त्या कमी झाल्या असल्या तरी देशांत एकंदरींत त्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे. हळहळ आणि हिशेब ह्यांत किती अंतर असतें, तें ह्यावरून दिसून येईल.

ह्या कामाला अधिकारानें योग्य असा कोण असेल, तर तो एकाच गांवीं, एकाच घरांत स्थिर झालेला वृद्ध. तरुण आज येथें, उद्यां तेथें. आपण मात्र एकाच तळ्यावर दहा वर्षें, दर आठवड्याला, त्याच वेळीं जाऊं शकतों. धोबी पक्षी यंदा कोणत्या तारखेस आला, गेल्या वर्षीं कोणत्या, वंचकाची शाल केव्हां चढली, तळ्याचा कांठ बुजविल्यावर शेकाट्या किती उरले, हें दुसरें कोण सांगणार? कॅमेरा प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ आपण होऊन घालतो. आपण फक्त स्थळाचें नांव जोडून चित्रें महिन्यावार लावून ठेवावीं. संगणकाचें तेवढें काम नातवंडें शिकवितात. आणि आजोबांना किंवा आजीला शिकवितांना त्यांच्या तोंडावर जो गुरूचा भाव येतो, तोहि एकदां टिपून ठेवण्यासारखा असतो.

आपल्या भाषेंतील पांखरांचीं नांवें जपण्याचेंहि काम ह्यांतच येतें. मारुती चितमपल्ली ह्यांनीं आयुष्य वनखात्यांत काढलें, १९९० सालीं ते निवृत्त झाले, आणि पुढें पक्षिकोशासारखें काम हातीं घेऊन तडीस नेलें. २०२५ सालीं, पद्मश्री मिळाल्यावर थोड्याच काळानें, ते वयाच्या ९२ व्या वर्षीं निवर्तले. पेन्शननंतरचा काळ किती भरीव असूं शकतो ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. आपण निदान एवढें करावें कीं, चित्राखालीं इंग्रजी नांवाबरोबर मराठी नांवहि लिहावें. आणि खेड्यांत गेलों तर तेथील लोक त्या पांखराला काय म्हणतात तें विचारून घ्यावें.

शेवटीं थोडें घरगुती. पाणथळ जागीं एकट्यानें जाऊं नये. शक्य तर पति-पत्नीनें मिळून जावें. एकानें पाहावें, दुसऱ्यानें लिहावें. वाढत्या वयाबरोबर बारीक, उंच सुरांतले आवाज कानांतून निसटूं लागतात. तेव्हां एकाचे कान आणि दुसऱ्याचे डोळे मिळून एक पुरा पक्षिनिरीक्षक होतो. छत्तीस वर्षें ज्यांना सकाळीं एकमेकांशीं डबा आणि किल्ल्या ह्यांपलीकडे बोलावयास सवड मिळाली नाहीं, त्यांना तळ्याकांठीं न बोलतां दोन तास शेजारीं बसतां येतें, हाहि एक लाभच आहे.

दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर घरच्या आसपासच्या पांखरांची गणना होते. भारतहि २०१३ पासून तींत भाग घेत आहे. पंधरा मिनिटें खिडकींत बसून दिसलेलीं पांखरें मोजलीं तरी ती नोंद घेतली जाते. त्याला कॅमेरा लागत नाहीं, दुर्बीणहि नसली तरी चालतें. पण फेब्रुवारीची वाट तरी कां पाहावी? उद्यां सकाळीं एक वही, एक पेन्सिल आणि एक खुर्ची घेऊन गच्चीवर बसावें आणि पहिल्या पानावर तारीख घालावी. पांखरें आपापल्या कामावर रोज वेळेवर हजर असतात. त्यांची हजेरी घेण्याचें काम आपणांकडे आलें आहे असें समजावें.